फॉर्मवर नसलेले मयेकर

मयेकर शाळेत चपलांच्या दोन जोड्या घेऊन यायचे. एक पायात, एक पिशवीत. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर पाटी होती, ‘चपला बाहेर काढून आत यावे’. मयेकर पाटीपुढे थांबत, पायातली जोडी काढून भिंतीला नीट लावून ठेवत, पिशवीतली जोडी पायात चढवत आणि आत जात. टाचांना भेगा आणि आतली लादी गार, एवढंच कारण. नव्या मुख्याध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात हटकलं तेव्हा मयेकर अगदी नम्रपणे म्हणाले, “काढल्या की बाहेर. अनवाणी या म्हणून लिवलंय कुठं?”

मुख्याध्यापकांनी पाटी बदलून घेतली. ‘चपला घालून आत येऊ नये.’ दुसऱ्या दिवशी मयेकर बूट घालून आले.

मी या शाळेत मराठी शिकवते. मयेकर आमचे प्रयोगशाळा सहायक. बावीस वर्षं मी ‘लिवलंय कुठं?’ ऐकलं. गेल्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी त्यांना ‘शाळेचा कणा’ म्हटलं, नारळ दिला आणि घड्याळाकडे पाहिलं. ज्या तीन मुलींसाठी मयेकरांनी नोकरीचं शेवटचं वर्ष घालवलं त्यांच्यातली एकही आली नव्हती. अजून त्यांचं नाव निघालं की त्या तोंड फिरवतात. का, ते सांगते. सांगताना माझी बाजू झाकणार नाही, पण तिथपर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल.

मयेकर मालगुंडचे. रोज सकाळच्या एसटीने रत्नागिरीला यायचे. गाडीत ‘चालकाशी बोलू नये’ अशी पाटी असते. मयेकर चालकाच्या बरोब्बर मागे बसून गावातल्या सगळ्या बातम्या मोठ्याने स्वतःशीच बोलत. चालक ऐकायचा आणि मान हलवायचा. एकदा तपासनीस चढला, त्याने विचारलं, तर म्हणाले, “मी माझ्याशी बोलतो. त्याला मनाई हाय का?”

मुलं त्यांना ‘मयेकर सर’ म्हणायची. हे मुख्याध्यापकांना खुपायचं. सर म्हणजे शिकवणारे, बाकीचे काका, असं त्यांनी एकदा प्रार्थनेनंतर जाहीर करून टाकलं. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही बी.एड. करून जे मिळवलं ते परीक्षानळ्या धुणाऱ्याला फुकट मिळावं हे कोणालाच फारसं रुचत नव्हतं. मलाही नव्हतं. मयेकरांनी मात्र या बाबतीत कुठे काय लिवलंय ते विचारलं नाही. मुलं पुढे मुख्याध्यापकांसमोर ‘काका’ म्हणायची आणि प्रयोगशाळेत शिरली की ‘सर’.

माझ्या मुलीच्या लग्नाची गंमत सांगते. गंमत आता वाटते, तेव्हा मी महिनाभर धुमसत होते. पत्रिकेत सगळे छापतात तसंच आम्हीही छापलं होतं, ‘सहकुटुंब सहपरिवार यावे’ आणि खाली ‘कृपया आहेर आणू नये’. आहेराची ओळ कोणी मनावर घेत नाही. मयेकरांनी घेतली. हात हलवत आले. आणि सोबत नऊ मुलं आणली, शाळेच्या गणवेशात, केस पाणी लावून विंचरलेली. मयेकरांची बायको फार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही, घरी दुसरं कोणी नाही. मी हसऱ्या चेहऱ्याने दात आवळून विचारलं, “मयेकर, ही कोण?” ते म्हणाले, “परिवार.” माझ्या विहीणबाई जेवणाच्या पंगतीकडे बघत होत्या. त्या नऊ जणांनी जिलबी तीन-तीनदा मागून घेतली. जाताना मयेकरांनी सगळ्यांना ओळीने मला नमस्कार करायला लावला, आणि त्या वेळी मला ते नमस्कारही नको होते.

ही नऊ मुलं म्हणजे रोबोटवाली मुलं.

चार-पाच वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेतून शाळेला रोबोट तयार करायच्या सामानाचा एक खोका आला. मोटारी, चाकं, वायरी, एक मेंदूची डबी. फोटो काढून झाला, बातमी छापून आली आणि खोका कपाटात गेला. विज्ञानाच्या शिक्षकांनी ‘अभ्यासक्रम कोण पुरा करणार?’ म्हणून हात झटकले. वर्षभराने मयेकरांनी कपाट उघडलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. उघडू नये असंही कोणी लिहिलेलं नव्हतं.

संगणकावरचं त्यांना काही येत नसे. ते मुलांनी त्यांना शिकवलं. वायरींना डाग द्यायला, चाक घासायला, तुटलेलं जोडायला त्यांनी मुलांना शिकवलं. पण मयेकरांचा खरा जीव रोबोटात नव्हता. रोबोटच्या स्पर्धा असतात, आणि स्पर्धेचं नियमांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असतं, हे त्यांना कळलं त्या दिवशी त्यांचा चेहरा मी पाहिलाय. आयुष्यभर पाट्यांवर भागवलेल्या माणसाला पुस्तक मिळालं होतं.

पुस्तकाला ते ‘तो’ म्हणायचे. “तो काय म्हणतो बघा”, “तो तसं म्हणत नाय”, “तो इथं गप्प बसलाय”. घरात एखादा हट्टी सासरा असावा तसा. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला की हे पान घेऊन हजर. इंग्रजीच्या बाईंना नियम वाचायचा कंटाळा, म्हणून मी.

“बाई, इथं रोबोटने असं करायलाच हवं असं हाय, का केलं तर बरं असं हाय?”

“केलं तर बरं.”

“मग नाय करत.”

स्पर्धेची जिल्हा फेरी दर वर्षी खेडला, एका मोठ्या इंग्रजी शाळेच्या सभागृहात. जिल्ह्यात पहिली येईल ती शाळा पुण्याला राज्य फेरीला. मयेकरांना मुलांना घेऊन पुण्याला जायचं होतं. त्यांच्या तोंडून दुसरी कुठली इच्छा मी ऐकली नाही. पदोन्नतीची नाही, पगाराची नाही. “एकदा पोरांना पुण्याला न्यायचं.” बास.

पहिल्या वर्षी आमचा रोबोट हलला की टेबलावरून खाली पडायचा. मयेकरांनी पुस्तक वाचलं. फेरी संपताना रोबोट आपल्या चौकोनात उभा असेल तर वीस गुण. मयेकरांनी रोबोट चौकोनात ठेवला आणि अडीच मिनिटं हलवलाच नाही. बाकीच्यांचे रोबोट धावले, आपटले, दोन खाली पडले. आमचा उभा. पंचांनी विचारलं तर म्हणाले, “न हलणाऱ्याला शिक्षा लिवलीय का?” नऊ शाळांत चौथे आलो. पुढच्या वर्षीच्या पुस्तकात नवी ओळ आली, ‘रोबोटने चौकोनातून किमान एकदा बाहेर पडले पाहिजे’. मयेकरांनी ती ओळ लाल पेन्सिलीने अधोरेखित करून सगळ्या शाळेला दाखवली. मलाही दाखवली. “बाई, ही माझ्यामुळं. छापलीय.” मी म्हटलं, “अभिनंदन,” आणि पोळीचा घास घेतला.

दुसऱ्या वर्षी नियम होता, सुरुवातीला रोबोटची उंची एक फुटाच्या आत हवी. मयेकर ‘सुरुवातीला’ या शब्दावर आठवडाभर बसून राहिले आणि मग एक मोडकी छत्री घेऊन आले. रोबोट सुटला, छत्री उघडली आणि अर्धं टेबल झाकलं. सभागृह हसून लोळलं. पंचांनी फेरी बाद केली. नियमाच्या शब्दात बसतं, म्हणाले, पण आशयात बसत नाही. तेव्हापासून ‘आशय’ हा मयेकरांचा शत्रू. परतीच्या वाटेवर चिपळूण येईपर्यंत विचारत होते, “पण आशय कुठल्या पानावर हाय?” मला हसू आलं होतं. आज वाटतं, प्रश्न चुकीचा नव्हता. समोरच्या संघांचे रोबोट गादी लावलेल्या पेट्यांतून यायचे, सोबत निम्म्या मुलांचे इंजिनिअर बाप यायचे, आणि तो रोबोट मुलांनी केलाय की बापांनी हे कुठल्याच पंचाने आशयाने तपासलं नाही. आमचा आंब्याच्या पेटीत पेंढा घालून यायचा. आशय नेहमी आम्हालाच लागू व्हायचा.

मग शेवटचं वर्ष आलं. मयेकर मे महिन्यात निवृत्त होणार. संघात नववीच्या तीन मुली उरल्या, सानिका, रुमाना आणि दीक्षा. पुढच्या वर्षी दहावी, घरचे प्रयोगशाळेकडे फिरकू देणार नाहीत. म्हणजे त्यांचीही ही शेवटचीच संधी. सानिका बोलण्यात कोणाला हार जाणारी नव्हती. रुमानाला पुस्तकातलं प्रत्येक कलम पानासकट पाठ. दीक्षा बोलायची कमी, पण स्क्रू तिच्याच हाताने बसायचे. तिघी मयेकरांच्या तालमीत तयार झालेल्या. मी एकदा वर्गात म्हटलं, निबंध दोन पानांचा हवा, तर सानिका उभी राहून म्हणाली, “बाई, पान केवढं ते सांगितलं नाहीत.”

प्रवेशाचा फॉर्म आला. त्यावर ‘मार्गदर्शक शिक्षक’ अशी एक रेघ असते, आणि खाली बारीक अक्षरात, ‘शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे नाव ग्राह्य धरले जाणार नाही’. आधीची वर्षं तिथे मुख्याध्यापकांचं नाव जायचं. या वर्षी त्यांना बैठक होती, म्हणून फॉर्म माझ्याकडे आला. मला वाटलं, आता मयेकर काहीतरी वाट काढतील. त्यांनी चष्मा पुसून ओळ दोनदा वाचली. “हां. हे लिवलंय,” म्हणाले, आणि मला पेन दिलं. मी सही केली. रोबोटचं पुढचं तोंड कुठलं हेही मला धड माहीत नव्हतं.

त्या वर्षीचा विषय होता समुद्राची स्वच्छता. आठ फुटी टेबल म्हणजे समुद्र, त्यावर पसरलेले चाळीस रंगीत चेंडू म्हणजे कचरा, कोपऱ्यातला चौकोन म्हणजे बंदर. अडीच मिनिटांत जितका कचरा बंदरात आणाल तितके गुण. सगळ्या शाळा चिमट्याचे रोबोट करत होत्या. जा, एक चेंडू उचल, ये. आमच्या मोटारी जुन्या. हिशेब केला तर सहा चेंडूंच्या वर जाईना. आठवडाभर तिघी तोंडं पाडून बसल्या होत्या.

मयेकर पुस्तकात शिरले आणि चौथ्या दिवशी बाहेर आले. बंदराच्या आत असलेल्या कुठल्याही वस्तूला विद्यार्थी हात लावू शकतात, असं एका कलमात होतं. मयेकर म्हणाले, “कुठल्याही. तो ‘कुठल्याही’ म्हणतो. गो सानिका, रविवारी मालगुंडास या सगळ्या.”

मलाही जावं लागलं, मार्गदर्शक ना मी. किनाऱ्यावर रापण लागली होती. आता फारशा लागत नाहीत. एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत समुद्रात गोल फिरते आणि दुसरा दोर घेऊन लांब किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोर माणसं ओढतात आणि मधला सगळा समुद्र अंगणात येतो. तिथली रीत अशी की रापण ओढताना दिसली तर नुसतं बघत उभं राहायचं नाही. वाटसरू असो, पाहुणा असो, दोराला हात लावायचा. कोणी बोलवत नाही आणि कोणी विचारत नाही. आणि हात लावला त्याला वाटा, चार का होईना, मासे मिळतातच. मीसुद्धा पदर खोचून ओढला. माझ्या वाट्याला पाच तारल्या आल्या. आम्ही घरात खात नाही, मी त्या रुमानाला दिल्या. ती म्हणाली, “बाई, वाटा देऊन टाकत नाहीत असा.” पण घेतल्या.

सोमवारपासून काम सुरू झालं. मच्छरदाणीची लांब पट्टी, खालच्या काठाला वजनाला शिशाचे मणी. एक टोक बंदरात ठेवायचं. दुसरं टोक घेऊन रोबोट टेबलभर वळसा घालून परत बंदरात. आता दोन्ही टोकं बंदरात, म्हणजे नियमाने पोरींच्या हातात. ओढा. मयेकर नियम घोकून घ्यायचे, तिघी ओढायच्या. शंभरदा जाळं अडकलं, चाक निखळलं, रोबोट स्वतःच्याच जाळ्यात गुरफटला. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन त्या खोलीत जाऊन बसू लागले, का ते मला सांगता यायचं नाही. मयेकर जोरात हसतात हे मला बावीस वर्षांनी तिथे कळलं.

खेडला जायला भाड्याची गाडी केली. आमचा महामार्ग अजून होतोच आहे, त्यामुळे पोचेपर्यंत सगळ्यांची हाडं खिळखिळी. फॉर्मवरच्या चौघींना गळ्यात अडकवायची ओळखपत्रं मिळाली. मयेकरांना नाही. त्यांना प्रेक्षकांच्या बाकावर बसायला सांगितलं. ते जाऊन पहिल्या बाकावर बसले. आमच्या टेबलापासून बाक जेमतेम हातभर अंतरावर.

सकाळच्या फेरीत चौतीस चेंडू आले. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. ब्लेझर घातलेल्या एका शाळेच्या सरांनी हरकत घेतली, जाळं चालतं का, म्हणून. पंच जवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात काम करणारा तरुण इंजिनिअर होता. त्याने पुस्तक काढलं. रुमानाने त्याच्या आधी पान सांगितलं. त्याने वाचलं, हसला, म्हणाला, “बसतं. आणि सुंदर बसतं.” मयेकरांनी बाकावर डोळे मिटून घेतले. दोन फेऱ्यांची बेरीज धरायची होती. आम्ही दुसऱ्या क्रमांकाच्या बारा चेंडू पुढे होतो.

दुपारची फेरी सुरू झाली. रोबोट सुटला, वळसा घातला, परत बंदरात आला. पोरींनी टोकं धरली. ओढायला लागल्या आणि जाळं टेबलावरच्या छोट्या दीपस्तंभाला अडकलं. तीस सेकंद उरली होती. सानिका ओरडत होती, “सोडव, सोडव, डावीकडून घे.” दीक्षाने टोक खाली दाबून झटका दिला, जाळं सुटलं, येऊ लागलं, भरलेलं, जड. तिघी वाकून ओढत होत्या. आणि त्यांच्या हातांच्या मागे जाळ्यावर चौथा हात आला. काळा, शिरा तटतटलेला, मनगटावर जुनं घड्याळ.

मयेकरांना कळलंच नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते म्हणून सांगते. सगळं पुस्तक पाठ असलेला माणूस. समोर ओढताना दिसलं, हात गेला. मालगुंडचा कोणीही माणूस बसला असता तर गेला असता. बरं, त्या हाताची गरजही नव्हती. जाळं सुटलं होतं, येत होतं.

घंटा झाली. अडतीस चेंडू. ब्लेझरवाल्या सरांनी हात वर केला.

नियम साधा होता. फेरी चालू असताना मार्गदर्शकाने किंवा संघाबरोबरच्या कोणा मोठ्या माणसाने हात लावला तर ती फेरी शून्य. बाहेरच्या माणसाने, प्रेक्षकाने व्यत्यय आणला तर फेरी पुन्हा खेळायची. पंच आमच्या टेबलाशी आला. चांगला मुलगा होता, त्याला आम्हाला बाद करायचं नव्हतं, हे दिसत होतं. “हे काका कोण?” त्याने विचारलं.

सानिकाने क्षणभरसुद्धा लावला नाही. “सर, ते आमच्या संघात नाहीत. फॉर्म बघा.”

“प्रेक्षक आहेत,” दीक्षा म्हणाली. “त्या बाकावर बसले होते.”

रुमानाने पान उघडून पुढे केलं. “इथं आहे, सर. बाहेरच्या व्यक्तीचा व्यत्यय. फेरी पुन्हा.”

सुंदर बसत होतं. मयेकरांनीच शिकवलेलं, आणि त्यांच्यापेक्षा चपळाईने मांडलेलं. पंचाने माझ्याकडे पाहिलं. मार्गदर्शक मी होते, माझा शब्द अखेरचा.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “ते आमच्या शाळेत प्रयोगशाळेत असतात. संघाशी त्यांचा काही संबंध नाही.”

पंचाने सुटकेचा श्वास सोडला. आता नुसता उपचार उरला होता. तो मयेकरांकडे वळला. “काका, तुम्ही प्रेक्षक ना? यांच्यातले कोणी नाही ना तुम्ही?”

मयेकरांनी ‘नाय’ एवढंच म्हणायचं होतं. तेही खरंच होतं, फॉर्मवर लिहिलेलं होतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. सानिका डोळे मोठे करून मानेने खुणावत होती, म्हणा, म्हणा. मीही खुणावत होते.

“मी यांच्यातलाच,” मयेकर म्हणाले.

“पण काका, फॉर्मवर तुमचं नाव नाही.”

“नाय, ते नाय. पण मी यांचाच. रोबोट आमी चौघांनी केलाय.”

“काका, मग मला शून्य द्यावं लागेल हो.”

“द्या.”

सानिका तिथेच मटकन बसली. रुमानाने पुस्तक मिटलं. दीक्षा, जी कधी बोलायची नाही, ती मयेकरांना म्हणाली, “तुमाला काय गरज होती?” आणि रडायला लागली. पुण्याला ब्लेझरवाली शाळा गेली.

परतीच्या वाटेवर संगमेश्वरला चहाला थांबलो. मुली उतरल्या नाहीत. मयेकरांनी तीन चहा गाडीपाशी नेले आणि तिन्ही तसेच परत आणले. टपरीच्या बाकावर ओळीने ठेवले आणि शेजारी बसले.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. मी म्हटलं, “मयेकर, जन्मभर दुसऱ्यांना शब्दात पकडलंत. आज शब्द तुमच्या बाजूने होता. एक ‘नाही’ म्हणायला काय झालं होतं? त्या पोरींचं वर्ष घालवलंत. स्वतःचंही.”

“व्हय,” ते म्हणाले.

“व्हय काय? नियमात बसत होतं की नाही?”

“बसत होतं, बाई. रुमानाने पान बरोबर काढलंन.” त्यांनी एका चहावर बसू पाहणारी माशी हाकलली. “मी म्हणणार होतो. तोंडावर आलं होतं. एकीने म्हटलं असतं तर मी पण म्हटलं असतं. तुमी चौघींनी एकदम म्हटलात.”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मयेकर उठले, टपरीवाल्याला निवलेले चहा ओतून टाकायला सांगितले आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मागे आमच्यात जागा होती.

मुली त्यांच्यावर अजून रागावलेल्या आहेत, आणि त्यांचा राग खोटा नाही. मी त्यांना संगमेश्वरचं हे सांगितलं तर त्या उद्याच्या उद्या मालगुंडची एसटी पकडतील, हे मला माहीत आहे. दोनदा सानिकाला हाक मारली आणि वहीबद्दल काहीतरी विचारून परत पाठवली. कारण ते सांगायचं तर त्याआधी मला माझं वाक्य सांगावं लागेल. पोरी चौदा वर्षांच्या, जिंकायला निघालेल्या, त्यांचं समजू शकतं. मी मयेकरांबरोबर बावीस वर्षं काढली होती. ‘संघाशी त्यांचा काही संबंध नाही,’ मी म्हटलं होतं, स्पष्ट, शुद्ध मराठीत, आणि म्हणताना जराही अडखळले नव्हते.